सोलगोलचा कोबी

सोलगोलवालीशी माझं चाळीस वर्षं भांडण होतं, आणि ते माझ्या कोंबड्यांवरून होतं. आमच्या दोघींच्या परसांमध्ये एक वेताचं कुंपण. त्यातून माणूस जात नाही, पण कोंबडी बरोबर जाते.

"हाक्चोनवाले!" तिची सकाळ या हाकेने सुरू व्हायची. "तुझ्या कोंबड्यांना घरी खायला मिळत नाही का गं?"

"ताई, अळ्या खातात बिचाऱ्या! उपकार माना!"

"अळ्या? रोप उपटलंय मेलीने! बघ इकडे येऊन!"

आमचे हे पायरीवर सिगारेट ओढत म्हणायचे, "झालं, कोंबडा आरवला." कोंबडा म्हणजे आम्ही दोघी.

तिचं माहेर सोलगोल, म्हणून ती सोलगोलवाली. माझं हाक्चोन, म्हणून मी हाक्चोनवाली. आमच्या आरेतमाल गावात लग्न होऊन आलेल्या बाईला तिचं स्वतःचं नाव फक्त मतदानाच्या दिवशी लागतं. तिचं नाव युन जोमसून होतं हे मला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं.

तिचं परसू म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. आम्ही बाकीच्या दुकानातून पाकीट आणायचो. पाकिटावर चित्र असतं तसंच उगवायचं, दिसायला देखणं आणि चवीला पाणी. हिच्याकडे मात्र कुठेही न दिसणाऱ्या भाज्या. तांबूस, भेगाळलेल्या काकड्या, ज्या पिकून म्हाताऱ्या झाल्याशिवाय ती तोडायचीच नाही. बोटाएवढी बुटकी वांगी. दोन्ही बाजूंना काळा डाग असलेलं सोयाबीन, जणू कोणी शाईच्या बोटांनी दाणा न् दाणा चिमटीत धरून बघितलाय. एक कडू पाला होता, तो फक्त ती आणि तिचा नवरा खायचे, आणि नवरा गेल्यावर ती एकटीच. सगळ्याचं बी वाळक्या भोपळ्यांत भरून घराच्या वळचणीला टांगलेलं. कुठल्या भोपळ्यात काय आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. लांब मानेचा म्हणजे हे, बसका म्हणजे ते, एवढं तिला पुरायचं.

आणि मधोमध, सगळ्यात चांगल्या मातीत, मुळाचा कोबी.

आता हा कोबी कोणाला आठवतोय? आजचा कोबी म्हणजे वर गलेलठ्ठ गड्डा आणि खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. हा वरून अगदी गबाळा. पानं लांब, हिरवीगार, मोकळी. गड्डा बांधायचं नावच नाही. पण मातीखाली भोवऱ्यासारखं, मुठीएवढं मूळ. हिवाळ्याच्या तोंडावर, किमची घालायच्या दिवसांत, पानं मीठ-तिखट लावून आंबायला रांजणात जायची आणि मुळं अंगणातल्या खड्ड्यात, वर गवताचं झाकण. मग हिवाळाभर एकेक काढायचं. दात असतील तर सरळ चावायचं, नसतील तर चमच्याने खरवडायचं. आधी कट्ट असा आवाज, मग गोड, मग जरा मातकट, आणि गिळताना एकदम नाकात! डोळ्यांत पाणी आलं नाही तर ते मूळच नव्हे.

मी लग्न होऊन इथे आले तो पहिला हिवाळा मला अजून आठवतो. सासू वाईट नव्हती, पण तिच्यासमोर रडायची सोय नव्हती. नवी सून रडली की घराला अपशकुन, असं ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. मला तर माझ्या आईच्या चपला आठवल्या तरी डोळे भरून यायचे. ओढ्यावर कपडे धुवायला गेले की तेवढा वेळ माझा. पण तिथेही चार बाया असायच्याच, आणि बायांच्या जिभा माझ्या घरी माझ्या आधी पोचायच्या.

एक दिवस मी ओठ चावत चादर आपटत होते. शेजारी पाठीवर पोर बांधलेली एक बाई येऊन बसली. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिने जॅकेटच्या खिशातून काहीतरी पांढरं काढलं, घागऱ्याला पुसलं आणि माझ्या हातात कोंबलं.

"खा."

"काय आहे?"

"खा म्हणते ना!"

मी चावलं. दुसऱ्याच क्षणी नाक पेटलं, डोळे भरले, आणि जे एकदा वाहायला लागलं ते थांबेना. चादर ओढ्यात, मी काठावर, आणि हुंदक्यावर हुंदका. समोरची बाई विचारते, काय झालं गं हिला? तर ही शांतपणे म्हणते, "माझं मूळ झोंबलंय तिला. खादाड आहे, एवढा मोठा घास घेतला." आणि माझ्या कानाशी वाकून, "रड आता. सासूने विचारलं तर हेच सांग. रडायला निमित्त लागतं गं."

त्या हिवाळ्यात मी तिची किती मुळं खाल्ली याचा हिशेब नाही. सासू म्हणायची, "ही पोरगी मुळांवरच जगते की काय!" वसंत आला तोवर माझं रडणं संपलं होतं. तिच्या तोंडावर मात्र मी जन्मभर हेच म्हणत आले, "ताई, तुमचं ते मूळ मेलं मला नाही आवडत. नुसतं झोंबतं." आणि दर हिवाळ्यात ती कुंपणावरून एक मूळ माझ्या अंगणात भिरकावायची. एकदा ते आमच्या ह्यांच्या डोक्यात बसलं होतं.

या कोबीचं बी धरणं हे एका घराचं काम नव्हे, सगळ्या खोऱ्याचं काम. हिवाळा संपला की चांगली मुळं निवडून पुन्हा मातीत लावायची. त्यांना डोंगळा येतो, त्यावर पिवळी फुलं येतात, आणि मग मधमाशी फिरते. मधमाशीला कुठे कळतंय तुमचं कुंपण! जवळपास दुसऱ्या जातीचा कोबी फुललेला असला की झालीच सरमिसळ. वरून काही दिसत नाही. शरद ऋतूत मूळ उपटलं की उंदराची शेपटी. म्हणून आमच्याकडे जुना रिवाज: खोऱ्यात एकाच घरी कोबी फुलू द्यायचा. बाकीच्यांनी डोंगळे कळीतच मोडायचे आणि उकडून खायचे. सोलगोलवाली आली तेव्हापासून फुलोऱ्याचं घर तिचं. वसंतात ती हातात विळा घेऊन गावभर फिरायची आणि प्रत्येकाच्या कुंपणावरून डोकवायची. कुठे पिवळा ठिपका दिसला की घरातल्या माणसाचं काही खरं नसायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी प्रत्येक घराला दारूच्या पेल्याच्या मापाने बी मिळायचं. लागेल तेवढंच, उरवून ठेवायचं नाही, हाही तिचाच नियम. जुनं बी कोणी आडमुठेपणाने ठेवलं, कशात तरी मिसळलं, तर? बदल्यात पैसे नाहीत. प्रत्येकीने आपल्या रांजणातली पहिली वाटीभर किमची तिला नेऊन द्यायची आणि समोर उभं राहून निकाल ऐकायचा. "मीठ फार." "लसूण जुना होता." "घाई, हाक्चोनवाले, सगळ्यात घाई तुझी." 'छान' हा शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

पुढे एकेक घर पाकिटाच्या कोबीकडे गेलं. मोठा गड्डा, कापायला सोपा, तरण्या सुना खूश. शेवटी पेला घेऊन जाणारी आम्ही दोन-तीन घरं उरलो. मी तिला एकदा म्हटलं, "कशाला एवढा जीव काढता, ताई? कोणाला हवंय आता?"

ती वाफा भिजवत होती. म्हणाली, "सोलगोल आहे तरी कुठे आता, सांग बघू."

ते मला माहीत होतं. सोलगोल धरणात गेलं. तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांनी. आई-बाप शहरात गेले आणि तिथल्या भाड्याच्या खोलीत संपले. ज्या घरात ती जन्मली, त्यावर आता बोटी फिरतात. मुलाने एकदा तिला गाडीतून तळं बघायला नेलं होतं. परत आल्यावर मी विचारलं, काय पाहिलंत? तर म्हणाली, "पाणी. चांगलं स्वच्छ आहे." आणि जरा वेळाने, "मला वाटलं होतं झाडांचे शेंडे तरी दिसतील."

हे बी तिच्या आईने लग्नाच्या घागऱ्याच्या कमरपट्ट्यात शिवून दिलं होतं. सोलगोलचं आता वर, कोरड्या जमिनीवर, एवढंच होतं.

मुलगा ग्यूसॉक. शहरात उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल करतो. गुणी मुलगा, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याला दात काढल्यासारखं होतं. माया करायची ती हातांनी. आला की न सांगता नळ दुरुस्त करणार, पत्रा ठोकणार, आणि जाताना "येतो" एवढंच. एका वर्षी किमची घालायच्या दिवसांत आला, आणि आईला उठता-बसता गुडघे धरताना त्याने पाहिलं.

त्या दिवसांत आमच्याकडे देल्केचं बी घाण्यावर जातं. त्याचं तेल नसलं तर आमची एकही भाजी होत नाही. ग्यूसॉकला वाटलं, आईला पोतं उचलून बसस्टॉपपर्यंत जायला नको, आपणच तालुक्याच्या घाण्यावर तेल काढून आणू. पहाटे उठून त्याने पोतं गाडीत टाकलं. आणि वळचणीला टांगलेल्या भोपळ्यांतही बारीक, गोल, तपकिरी बी दिसलं. अगदी देल्केसारखंच. थोडं कशाला मागे ठेवायचं? तेही ओतलं.

दुपारी हसतमुखाने परत आला. हिरव्या बाटल्यांत ताजं, खमंग तेल. शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकेक बाटली, मलाही एक. मी बाटली घेऊन कुंपणाशीच उभी होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

सोलगोलवाली वळचणीकडे बघत होती. "ग्यूसॉक, लांब मानेचा भोपळा कुठंय रे?"

"धुऊन उन्हात ठेवलाय, आई."

"आणि आतलं बी?"

"घाण्यावर नेलं ना. सगळं मिळून चांगलं तेल निघालं."

मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. माझ्या कोंबडीने एक रोप उपटलं तर गाव गोळा करणारी बाई! पण ती हळूच पायरीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर. मग त्याच्या हातातली बाटली हुंगली, आणि म्हणाली, "वास चांगला आहे."

तिने सांगितलंच नाही त्याला. मीच सांगितलं, आणि सांगितलं कसलं, त्याच्या गाडीच्या काचेवर मूठ आपटून ओरडले. "अरे गाढवा, कोबीचं बी होतं ते! तुझ्या आजोळचं गाव घाण्यात घातलंस तू!" पोराचा चेहरा पांढराफटक. तसाच गाडी वळवून पुन्हा घाण्यावर गेला. संध्याकाळी आला तो पेंडीची मूठ रुमालात बांधून. घाण्यात जायच्या आधी बी भाजतात, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी आणली. तिने तो रुमाल घेतला आणि पेंड कोबीच्या वाफ्यात पुरली. म्हणाली, "खत होईल."

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. कोणाकडे चिमूटभर तरी? सगळ्यांचं एकच उत्तर, "तीच तर उरवू द्यायची नाही." आमची मुळं तर शेंड्यासकट छाटून झाली होती, त्यांना पुन्हा कोंब येत नाही. आता जे काही होतं ते तिच्या खड्ड्यात होतं, शेंडा राखून बियांसाठी निवडलेली सहा मुळं. ती वसंतात फुलली आणि त्यांचं शुद्ध बी मिळालं तर सोलगोल राहील, नाहीतर संपलं. त्या हिवाळ्यात माझ्या अंगणात एकही मूळ येऊन पडलं नाही, आणि मी, जिला ते कधीच आवडत नव्हतं, रोज सकाळी अंगण बघून यायचे.

त्याच हिवाळ्यात ती तापाने फणफणली. उठली तेव्हा अंगावरचं निम्मं मांस उतरलं होतं. पण माती मऊ झाल्याबरोबर मुळं लावली. सहाची सहा जगली. डोंगळे वर आले.

आणि तेवढ्यात नदीकाठ पिवळा व्हायला लागला.

आमचे सरपंच छॉलगू. धडपड्या पोरगा, पोरगा म्हणजे पन्नाशीचा. गावात माणूस येत नाही, दुकान चालत नाही, म्हणून त्याने वर अर्ज-विनंत्या करून नदीकाठी पिवळ्या मोहरीची फुलं पेरून घेतली होती. शहरातले लोक येतील, फोटो काढतील, शेवया खातील. नदीकाठ ते सोलगोलवालीचं परसू, मधमाशीला किती वेळ लागणार! आणि मोहरी कोबीची अगदी जवळची नातलग.

ती विळा घेऊन पंचायतीत गेली. मी मागोमाग गेले, नाहीतर खून पडायचा.

"छॉलगू, ती फुलं काप."

"काकू, काहीतरीच काय! दहा दिवसांवर जत्रा आलीये. पाट्या लागल्यात, गाणाऱ्याला सांगून झालंय."

"लहानपणी माझ्या खड्ड्यातली मुळं कोण चोरायचं रे?"

त्याने मान खाली घातली. "मीच."

"मग?"

"काकू, ती फुलं माझी नाहीत हो. गावाची आहेत. यंदा लोक आले नाहीत तर पुढच्या वर्षी आपली बस बंद करतील." त्याचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. "मी काय करू, तुम्हीच सांगा."

तिने विळा खाली केला. बस बंद झाली तर काय होतं हे तिच्याइतकं कोणाला कळणार? एका गावाचं संपणं तिने पाहिलंच होतं. "जत्रा कर," म्हणाली आणि उठली.

मला रात्रभर राग आला. कोणावर ते नीट कळत नव्हतं, म्हणून सकाळी आमच्या ह्यांच्यावर काढला. "उठा! मच्छरदाणी सोडा!"

"आणि मी झोपू कुठे?"

"तुम्हाला डास चावत नाहीत. तुमच्यात रक्त कमी आणि दारू जास्त आहे."

माझ्या लग्नातली मच्छरदाणी ती. मजबूत कापड, अख्खा वाफा झाकेल एवढी. छॉलगू स्वतःच्या शेडच्या लोखंडी कमानी घेऊन आला, रोवून गेला. आम्ही वरून जाळी ताणली, कडांवर दगड ठेवले.

सोलगोलवाली बघत होती. "मधमाशी आत नाही गेली तर बी धरणार कसं?"

"आपण होऊ मधमाशा."

"तू? तुझ्याइतकी घाई मधमाशीलाही नसते." पण डोळ्यांत उजेड आला होता.

ग्यूसॉक दर रविवारी यायला लागला. जाळीच्या आत उकिडवं बसायचं, पिसाने एका झाडाच्या फुलातला पराग उचलायचा आणि दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचा. स्वतःचा स्वतःला चालत नाही. "एका कुळात सोयरीक नको," ती बाहेरून ओरडायची. "ग्यूसॉक, ती दोघं चुलत भावंडं आहेत, तिकडे जा!" आणि पीस कोणाचं? माझ्या कोंबडीचं. मी मुद्दाम सगळ्यात बदमाश कोंबडीचं आणून दिलं होतं. म्हटलं, फेड म्हणावं काय खाल्लंस ते.

नदीकाठी गाणी लागली, बसगाड्या भरून माणसं आली. येणारे-जाणारे थांबून बघायचे, मच्छरदाणीत बसलेला टक्कल पडलेला माणूस फुलांना गुदगुल्या करतोय. एकाने फोटोही काढला. ग्यूसॉक लाजून लाल, पण उठला नाही.

आणि एक दिवस जाळीच्या आत मधमाशी दिसली. पायांना पिवळी पूड भरलेली. कुठून आली? वरच्या कोपऱ्यात एक भोक होतं, बोट जाईल एवढं, काठ काळे. सिगारेटचं. आमच्या ह्यांचं, आमच्या लग्नाच्या वर्षातलं. मी घरी येऊन त्यांना काय काय बोलले ते इथे सांगत नाही. भोक शिवलं. पण ती एकच होती की आधीही येऊन गेल्या होत्या, कोण सांगणार?

शेंगा धरल्या, वाळल्या. बी निघालं ते जेमतेम पेलाभर. तिने ते दोन ढिगांत सारलं आणि एक ढीग माझ्यापुढे केला.

"दोन घरी असू दे."

मी त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा कोंबड्या कोंडल्या.

उन्हाळ्यात एक गोष्ट झाली. मी काकडीची किमची घातली आणि बोलण्याच्या नादात मीठ दोनदा टाकलं. आमच्या ह्यांनी पहिला घास घेतला आणि नळाकडे धावले. मला वाटलं, चला, ताईला देऊन येऊ, चार शिव्या ऐकू, तिलाही बरं वाटेल. तिने वाटी घेतली, निवांत खाल्ली, तळापर्यंत.

"छान झालीये," म्हणाली.

चाळीस वर्षांतलं पहिलं 'छान'. मी आनंदाने उडी मारायला हवी होती. मी रिकामी वाटी घरी आणली आणि तळाचा थेंब चाटून बघितला, नुसतं मीठ.

किमची घालायचे दिवस आले. पहिली थंडी पडून गेली होती. ग्यूसॉक सुट्टी काढून आला. तिच्या वाफ्यात आणि माझ्या वाफ्यात कोबी उभा, पानं लांब, हिरवी, मोकळी. पण वरून काही कळत नाही. ग्यूसॉकने पहिला उपटला. खाली उंदराची शेपटी. दुसरा. शेपटी. तिसऱ्याला मूळ होतं, जाडसर. चौथ्याला भोवरा, नीट, मुठीएवढा! पण तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं. आकार एक वेळ येतो. चव येईलच असं नाही.

तिने भोवरा घागऱ्याला पुसला, आणि माझ्यापुढे धरला. "खा."

"मी? तुम्ही खा की. तुमचं बी, तुमचं गाव."

"माझ्या तोंडाला चव नाही गं. त्या तापापासून. मीठ नाही कळत, तिखट नाही कळत." ग्यूसॉककडे न बघताच म्हणाली. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. "सोलगोलची चव आता तुलाच ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात माझा अर्धा खड्डा तू संपवलास. खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगशील तर बघ."

आधी जाडसर होतं ते चावलं. सलगमसारखं, फुसकं. "हे नाही," मी म्हटलं. माझं काळीज तुटत होतं, पण म्हटलं. तिने ते बाजूला टाकलं. ग्यूसॉकने आणखी उपटले, शेपटी, शेपटी, मग एक मूळ. चावलं. गोड, पण पुढे काहीच नाही. "हेही नाही."

मग तो भोवरा. कट्ट. गोड. मातकट. मी गिळलं आणि वाट बघितली. एक क्षण काही नाही. आणि मग असं नाकात गेलं, असं नाकात गेलं, की डोळ्यांपुढचं परसू गेलं, कुंपण गेलं, मी ओढ्याच्या काठी बसले होते, ओली चादर हातात, आणि शेजारी पाठीवर पोर बांधलेली तरणी बाई.

ती माझे डोळे बघत होती. "मूळ झोंबलं, की नुसतीच रडतेयस? निमित्त नकोय मला, हाक्चोनवाले."

"मूळच," मी नाक पुसत म्हटलं. "तेच आहे, ताई. मेलं अगदी तेच आहे."

तिने माझ्या हातातून उरलेला तुकडा घेतला. डाव्या बाजूचे दात अजून होते, तिकडे सरकवला आणि डोळे मिटून चावला. कट्ट, कट्ट. तिच्या डोळ्यांतून टिपूस नाही.

"आवाज तोच आहे गं," म्हणाली.

दोन्ही वाफे धरून खरी मुळं निम्मीही नव्हती, पण पुरेशी होती. प्रत्येकाचा तुकडा मीच चाखला. संध्याकाळपर्यंत माझं नाक असं सुजलं की आमचे हे म्हणाले, कोणाच्या मयताला जाऊन आलीस? पुढच्या वसंतात जाळी माझ्या वाफ्यावर लागली. फुलोऱ्याचं घर आता तुझं, असं तिने जाहीर केलं, आणि विळाही दिला.

त्यानंतर ती दोन हिवाळे राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात, बर्फ पडून गेल्यावर, झोपेतच गेली. टेकडीवर, नवऱ्याशेजारी पुरलं. गाव सगळं जमलं होतं. मुलाने मोठ्याने रडायचं असतं, आमच्याकडे तसाच रिवाज. पण ग्यूसॉक काळे कपडे घालून, दंडाला पट्टी बांधून, खांबासारखा उभा. तोंडातून आवाज नाही. म्हातारे कुजबुजायला लागले, दगड आहे का हा? एवढी आई गेली आणि डोळा ओला नाही. त्याची मान दुखत असल्यासारखी ताठ, आणि जबडा असा आवळलेला की मला माझे त्या ओढ्यावरचे चावलेले ओठ आठवले.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. जॅकेटच्या खिशातून मूळ काढलं, घागऱ्याला पुसलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"काकू, आत्ता?"

"खा म्हणते ना!"

त्याने चावलं. कट्ट असा आवाज झाला, मातीची शेवटची फावडी पडत होती त्यातही ऐकू आला. आणि मग तो माणूस गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हातारे वळून बघायला लागले.

"माझं मूळ झोंबलंय त्याला," मी म्हटलं. "मोठा घास घेतला."